व्हॅक्यूम ही वस्तू आहे का? (बिलात लावतात म्हणून विचारतो)

गिरणाकाठ
एसीचं काम निघालं की बिलात दोन ओळी हमखास असतात: 'गॅस भरणे' आणि 'व्हॅक्यूम करणे'. पहिली समजते. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, इतके ग्रॅम आर-३२ आत गेला, त्याचे पैसे. दुसऱ्या ओळीत मेकॅनिक आत होतं तेही काढून घेतो आणि वर पैसे लावतो.

यावरून प्रश्न. निर्वात, पोकळी, व्हॅक्यूम, काय म्हणाल ते, ही वस्तू मानायची का? माझं मत आधीच सांगतो: नाही. चाळणीचं भोक जशी वस्तू नाही तसंच हे. व्हॅक्यूमच्या नावावर जी कामं खपतात ती सगळी बाहेरची हवा करते. पंप पाणी 'ओढतो' म्हणतात, पण ओढत कुणीच नाही. विहिरीतल्या पाण्यावर हवा दाबते आणि पाणी पाईपात चढतं.

पण बोलताना सगळे वस्तूसारखंच बोलतात. व्हॅक्यूम मारला, व्हॅक्यूम धरला, व्हॅक्यूम गेला, व्हॅक्यूम तुटला. जे नाहीच ते तुटेल कसं? ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी सांगावं.

शेवभाजी
महिनाअखेरीचा खिसा ही वस्तू आहे का, ते आधी ठरवा. बाहेरून दाब तिथेही असतो.

फुटवाल
गिरणाकाठ भाऊंशी सहमत, आणि पुरावा आकड्यात देतो. व्हॅक्यूम खरंच ओढत असता तर जोरदार पंप लावून कितीही खोलचं पाणी काढता आलं असतं. तसं होत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याच्या खांबाइतका. जळगाव सुमारे २०० मीटर उंचीवर, तिथे तो १०.१ मीटर. तोरणमाळला, सुमारे ११५० मीटरवर, जेमतेम ९ मीटर. पंप तोच, पाईप तोच, व्हॅक्यूमही तेवढाच 'पूर्ण', तरी तोरणमाळला पाणी एक मीटर कमी चढणार. फरक कशात पडला? बाहेरच्या हवेत.

प्रत्यक्षात १० मीटरही मिळत नाहीत. त्यातून ३० अंशाच्या पाण्याच्या वाफेचा दाब वजा करा, ०.४ मीटर. फुटवाल (पाईपाच्या तळाची झडप), बेंड आणि पाईपातलं घर्षण वजा करा. पंपाच्या तोंडाशी पाणी उकळू नये म्हणून जो दाब शिल्लक ठेवावा लागतो तो वजा करा, साधारण २ ते ३ मीटर. उरतात साडेसहा-सात मीटर. याहून खोल पाण्यावर मोनोब्लॉक (वर बसवायचा मोटारजोड पंप) बसवला की इम्पेलरशी, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांशी, पाणी थंडच उकळतं, वाफेचे बुडबुडे फुटतात, पंपात खडी घातल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलरला उंदरांनी कुरतडल्यासारखे खड्डे पडतात.

म्हणून विहिरीत मोटार उतरवतात, मचाण बांधतात. रावेर-यावलकडे पाणी खाली गेल्यावर सबमर्सिबलशिवाय उपाय राहिला नाही तो याच कारणाने. सबमर्सिबल पाणी वर ढकलते. ढकलायला मर्यादा मोटारीची, 'ओढायला' मर्यादा आभाळाची.

शेवभाजी
'मर्यादा आभाळाची' हे टेम्पोच्या मागे लिहिण्यासारखं आहे.

खापरावरचे मांडे
व्हॅक्यूम काहीच नही शे, तं मंग पाईप कसा चेपाई जास भो?

लॅटरल१६
मांडे, पाईपही बाहेरच्या हवेनेच चेपतो. पण ठिबकवाल्याला व्हॅक्यूम वस्तू नाही असं समजून चालत नाही, कारण तो सांभाळायला एक वेगळा व्हॉल्व्ह विकत घ्यावा लागतो.

शेताला उतार आहे. पंप बंद झाला. सबमेन (मुख्य पाईपाची फांदी) आणि लॅटरल (ड्रिपर लावलेली नळी) यांतलं पाणी उताराने खालच्या ड्रिपरमधून निघून जातं. वरच्या टोकाला त्याची जागा घ्यायला काहीतरी यायला हवं. एअर व्हॉल्व्ह असेल तर हवा येते. नसेल तर वरचे ड्रिपर उलटे चालतात आणि भोवतालचं गढूळ पाणी आत घेतात. मल्चिंगखाली किंवा मातीत गाडलेल्या लॅटरलला हा त्रास जास्त. रोज दोनदा पंप बंद होतो, रोज दोनदा चिमूटभर गाळ आत. महिन्याभरात उताराच्या वरच्या बाजूची झाडं सुकायला लागतात आणि दोष पंपाच्या दाबाला दिला जातो. मग ॲसिड सोडतात. ॲसिडने क्षार विरघळतो, मातीचा गाळ विरघळत नाही.

दुसरी जागा व्हेंचुरी, पाण्यात खत मिसळणारी अरुंद गळ्याची नळी. तिच्या गळ्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब हवेच्या खाली जातो आणि बादलीतलं खत आत येतं. त्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या दाबात चांगला फरक पाडावा लागतो, साधारण एक तृतीयांश. वीज गेली आणि पंपाजवळ एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसला तर पाणी उलटं फिरून खताचं द्रावण थेट विहिरीत. विहिरीवर प्यायचं पाणी असेल तर हा हलगर्जीपणा नाही, गुन्हा आहे.

पाईप चेपण्याचं गणित असं: बाहेरून जास्तीत जास्त दाब चौरस सेंटीमीटरला १ किलो. २.५ किलोचा पीव्हीसी पाईप आतून अडीच किलो सोसतो म्हणून बाहेरून एक सहज सोसेल असं वाटतं. पण आतून दाब आला की पाईप गोल राहतो, बाहेरून आला की जरासा लंबगोल झालेला भाग आणखी बसतो. ही ताकद भिंतीची जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनावर चालते. जाडी निम्मी, ताकद एक अष्टमांश. त्यात मे महिन्यात उघड्यावर तापलेला पीव्हीसी म्हणजे मऊच. म्हणून मोठ्या व्यासाच्या पातळ पाईपलाईनवर प्रत्येक उंचवट्याला एअर व्हॉल्व्ह लागतो, फक्त शेवटाला लावून भागत नाही.

गिरणाकाठ
लॅटरल भाऊ, हे सगळं माझ्याच बाजूचं झालं की. ड्रिपरमध्ये गाळ ढकलला कुणी? बाहेरच्या दाबाने. तुमचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमचा नाहीच, हवेचा आहे.

लॅटरल१६
पावतीवर 'व्हॅक्यूम ब्रेकर' लिहितात. पण मुद्दा मान्य.

भुसावळ डाऊन
भुसावळचं नाव लावतो म्हणून रेल्वेचं बोलणं भाग आहे. जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. इंजिनातला एक्झॉस्टर (हवा काढणारा पंप) गाडीभरच्या पाईपात ५१० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम धरून ठेवायचा. प्रत्येक डब्याखाली सिलिंडर. पिस्टनच्या वर आणि खाली दोन्हीकडे व्हॅक्यूम असला की पिस्टन स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि ब्रेक सुटे. साखळी ओढली की पाईपात हवा शिरते. वरच्या कप्प्यातला व्हॅक्यूम तसाच राहतो, कारण तिकडचा बॉल व्हॉल्व्ह बंद होतो. खालून हवा पिस्टन वर ढकलते, ब्रेक लागतात.

गंमत बघा: व्हॅक्यूम असेल तर गाडी चालते, गेला तर थांबते. डबे तुटून वेगळे झाले तरी पाईप फाटून ब्रेक आपोआप लागतात. सुरक्षितता 'काही नसण्यावर' उभी केलेली. नंतर एअर ब्रेक आले, पाईपात ५ किलो दाब. कारण सरळ आहे. व्हॅक्यूममध्ये मिळणारा फरक एका वातावरणाच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून सिलिंडर मोठे, वजन जास्त, आणि लांब मालगाडीत शेवटच्या डब्यापर्यंत परिणाम पोचायला वेळ लागायचा.

तोरणमाळ
आमच्याकडे पाणीही कमी चढतं आणि व्हॅक्यूमही कमी मिळतो म्हणजे. वर थंडी. काय ठेवलंय उंचीत!

मायक्रॉन५००
मूळ बिलाकडे येतो, कारण 'व्हॅक्यूम करणे'चे पैसे फुकटचे वाटत असतील तर काम नीट झालंच नसावं. किंवा नीट झालं तर कसं ओळखायचं ते माहीत नसावं.

पाईपलाईन जोडल्यावर आधी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती बघायची. मग टू-स्टेज व्हॅक्यूम पंप. साध्या मॅनिफोल्ड गेजची सुई 'उणे ३०' कडे गेली की बरेच जण पंप बंद करतात. ती सुई बाहेरच्या हवेशी तुलना करते, म्हणून जळगावला ती नीट जुळवलेली असली तरी २९.२ इंचापुढे जायला नको, तोरणमाळला २६ च्या आसपास थांबेल. आत किती उरलं हे तिला कळत नाही. त्यासाठी मायक्रॉन गेज. इथे मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या एका मिलिमीटरचा हजारावा भाग. लक्ष्य ५०० मायक्रॉन किंवा खाली. ५०० म्हणजे सुमारे ६७ पास्कल, हवेच्या दाबाचा पंधराशेवा भाग.

इतकं खाली का? पाणी काढायला. ३० अंशाला पाणी सुमारे ३१,८०० मायक्रॉनला उकळतं. त्याच्या बरंच खाली जाऊन थांबलात तरच ओल वाफ होऊन बाहेर पडते. ओल राहिली तर आर-३२ सोबतचं तेल तिच्याशी मिळून आम्ल तयार करतं, ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. कॅपिलरीच्या तोंडाशी तिचाच बर्फ होऊन थंडावा मध्येच बंद. आणि हवा राहिली तर ती कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवते, हेड प्रेशर वाढतं. पुण्यात खपून जाईल. भुसावळच्या ४५ अंशात कॉम्प्रेसर ट्रिप होणार.

पंप बंद करून व्हॉल्व्ह लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि गेज बघा. जरा चढून थांबला, समजा १५०० वर, तर आत ओल आहे. चढतच राहिला तर गळती. पंप चालू असतानाच ४५०० च्या आसपास अडकून बसला तर आत पाणी गोठलंय, पाईप कोमट करा. होज आखूड आणि जाड वापरा, व्हॉल्व्ह कोअर काढून घ्या, पंपाचं तेल दुधाळ झालं की बदला. एसीच्याच कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम मारतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

शेवभाजी
म्हणजे मेकॅनिकला पैसे 'काही नाही' आणल्याबद्दल नाही, ते 'काही नाही' तपासत बसल्याबद्दल.

केळीघड
सगळीकडे पूर्ण व्हॅक्यूम चांगला असं नाही. निर्यातीच्या केळीचा बॉक्स तेरा-साडेतेरा किलोचा. आत पॉलिथिनची पिशवी, फण्या रचून झाल्या की सक्शनने हवा ओढायची, पिशवी फळाला चिकटली की पीळ देऊन रबर लावायचं. पण ही ओढ हलकीच ठेवायची. फळ जिवंत आहे, श्वास घेतं. पिशवीतला प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की पिकणं लांबतं. प्राणवायू फारच संपला तर फळ आंबूस वास मारतं, पुढे पिकवण कोठीतही नीट रंग धरत नाही. तापमान १३ ते १४ अंश. १३ च्या खाली साल काळवंडते. पिशवीला एक टाचणीएवढं भोक राहिलं तर तोच बॉक्स आधी पिकतो, आणि त्याचा इथिलीन शेजारच्यांना पिकवतो.

तेव्हा व्हॅक्यूम 'आहे' की 'नाही' इतकाच प्रश्न नसतो. कशाचा आणि किती, तेही बघावं लागतं.

३३केव्ही
गिरणाकाठ साहेब, 'सगळं काम बाहेरची हवा करते' हे आतापर्यंत टिकलं, कारण उदाहरणं सगळी दाबाची आहेत. आता बाहेरच्या हवेचा काही संबंध नसलेलं एक घ्या.

सबस्टेशनमधला ११ केव्हीचा व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर. चिनीमातीची किंवा काचेची बंद बाटली, आत तांबं-क्रोमियमचे दोन कॉन्टॅक्ट, उघडल्यावर अंतर साधारण ८ ते १० मिलिमीटर. आतला दाब पास्कलच्या शंभराव्या भागाच्याही खाली. कॉन्टॅक्ट सुटतात तेव्हा आर्क पडतो, पण तो हवेचा नसतो, कॉन्टॅक्टच्याच धातूची वाफ जळते. प्रवाह शून्यातून जातो त्या क्षणी वाफ भोवतालच्या ढालीवर बसते, आर्क संपतो आणि मधे पुन्हा काही नाही. त्या 'काही नाही'ने अकरा हजार व्होल्ट अडवलेले असतात. इथे कोण ढकलतंय? कुणीच नाही. वहन करायला कणच नाहीत, म्हणून वीज जात नाही.

आणि अर्धवट व्हॅक्यूम हवेपेक्षा वाईट. एक सेंटीमीटर अंतराला साध्या हवेत साधारण ३० हजार व्होल्टला ठिणगी पडते. त्याच अंतरात हवा काढत काढत ७५ पास्कलच्या आसपास आणली तर साडेतीनशे व्होल्टही पुरतात. रेणू इतके विरळ झालेले असतात की इलेक्ट्रॉनला धाव घ्यायला जागा मिळते, आणि इतके विरळ नसतात की धडकायला कुणी नसावं. त्याच्याही खूप खाली गेलं की पुन्हा इन्सुलेशन वाढतं. बाटलीत बारीक चीर पडली की दाब हळूहळू चढतो आणि ब्रेकर याच वाईट टप्प्यातून जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, बाटलीला गेज नसतो. म्हणून उघड्या कॉन्टॅक्टवर उच्च दाब देऊन तपासतात. १२ केव्ही वर्गाला कारखान्यात २८ केव्ही एक मिनिट, जागेवर त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास. चाचणी चालू असताना बाटलीजवळ उभं राहू नका, क्ष-किरण निघू शकतात. कशातून? त्याच 'काही नाही'तून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे.

मायक्रॉन५००
+१. छपरावरच्या सोलर हीटरची काचनळीही तशीच. ५८ मिलिमीटरची बाहेरची नळी, ४७ ची आतली, मधे जेमतेम ४ मिलिमीटरची फट. हवा निम्मी काढली तरी उष्णता जवळपास तेवढीच जाते, कारण रेणू निम्मे झाले की प्रत्येकाची धावही दुप्पट होते. १ पास्कलला ही धाव साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. फटीपेक्षा ती लांब झाली की मगच उष्णता अडायला लागते. थर्मासचंही हेच. म्हणून इथे 'थोडासा व्हॅक्यूम' विकत घेऊन उपयोग नाही.

नळीच्या टोकाला आतून चंदेरी डाग असतो, तो बेरियम. उरलेसुरले रेणू तो खातो. डाग पांढरा झाला की व्हॅक्यूम गेला, नळी बदला. नळी धडधाकट दिसते, पाणी मात्र कोमटच येतं.

गिरणाकाठ
हे दोन्ही मला अडचणीत आणणारे आहेत. ढकलणारी हवा इथे चित्रात नाही, कबूल. पण मग असं म्हणतो: अडवणारं काही आहे असं नाही, नेणारं कुणी नाही इतकंच. पूल नसला म्हणून नदी ओलांडता आली नाही, तर 'पुलाच्या अभावाने अडवलं' असं म्हणून त्या अभावाला वस्तू करायचं का?

तर्ककर्कश
नेमका हाच वाद आपल्याकडे हजारभर वर्षं चालला आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात पदार्थ सात: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव. म्हणजे नैयायिकांच्या (न्यायदर्शनवाल्यांच्या) मते अभाव हा पदार्थ आहे, पण द्रव्य नाही. 'वस्तू' या एका शब्दात आपण दोन्ही कोंबतो म्हणून गोंधळ. मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या लोकांत फूट आहे. कुमारिल म्हणतात अभाव खरा आहे आणि तो कळण्यासाठी अनुपलब्धी (न आढळणं) हे जाणण्याचं वेगळं साधन, प्रमाण, मानावं लागतं. प्रभाकर म्हणतात जमिनीवर घडा नाही म्हणजे नुसती जमीन आहे, अभाव वगैरे काही नाही. गिरणाकाठ, तुम्ही प्राभाकर आहात.

पण नैयायिकांची एक अट इथे फार कामाची आहे. अभाव नुसता नसतो. त्याला प्रतियोगी लागतो, म्हणजे कशाचा अभाव ते सांगावं लागतं. आणि अधिकरण लागतं, म्हणजे कुठे. केळीघड यांनी 'कशाचा आणि किती' लिहिलं तो प्रतियोगीच. मराठी शब्दही बघा. 'निर्वात' हा शब्द प्रतियोगी सांगतो: वात नाही. 'पोकळी' अधिकरण सांगतो: जागा आहे. 'शून्य' दोन्ही सांगत नाही, म्हणून सगळी गूढं त्याच्यावर चढतात. जुना संस्कृत शब्द 'निवात' वेगळाच. निवात म्हणजे वारा नसलेली जागा, तिथे दिवा स्थिर जळतो. निर्वातात तो विझतो.

पाटणादेवी
शून्याचा विषय निघाला आणि चाळीसगावचं नाव नाही? पाटणच्या देवळातला शके ११२८ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची नोंद.

भास्कराचार्यांनी शून्याला नुसतं पुसून टाकलं नाही. लीलावतीत सांगतात की एखादी राशी शून्याने गुणली आणि पुढे आणखी क्रिया बाकी असेल तर लगेच शून्य लिहू नका, 'खगुण' म्हणून तशीच ठेवा. पुढे शून्याने भागायची वेळ आली तर मूळ राशी परत मिळते. आजच्या गणितात हे असं चालत नाही, मर्यादेच्या भाषेत मांडावं लागतं. पण ते शून्य कशापासून झालं याची आठवण ठेवा, हा आग्रह त्यात आहे. तर्ककर्कश यांचा प्रतियोगी तो हाच. आणि शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणतात, तिच्यात कितीही मिळवा किंवा काढा, ती बदलत नाही.

शेवभाजी
ख म्हणजे आकाश, ख म्हणजे शून्य. खानदेश म्हणजे शून्याचा देश! पावसाळ्याच्या आकड्यांवरून पटतं.

पाटणादेवी
खानदेशातला ख त्या खात्यातला नाही हो :)

तरंगलांबी
गणितातलं शून्य आणि निर्वात एकत्र करू नका, एवढी विनंती. शून्य ही संख्या आहे, तिला दाब नसतो, तापमान नसतं. निर्वाताला गुणधर्म आहेत आणि ते मोजलेले आहेत. निर्वाताची परमिटिव्हिटी (त्या जागेत विद्युतक्षेत्र किती साठतं ते सांगणारा आकडा) मीटरला ८.८५४ पिकोफॅरड. हवा काढलेल्या कपॅसिटरची धारिता शून्य होत नाही, हवेइतकीच राहते, जेमतेम ०.०६ टक्के कमी. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, हा निर्वातातलाच. 'काही नाही'ला आकडे चिकटलेले असतील तर ते अगदीच काही नाही कसं?

आणखी पुढे: १९४८ मध्ये कॅसिमिर यांनी दाखवलं की निर्वातात दोन धातूच्या पाट्या अगदी जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. एक मायक्रॉन (इथे लांबीचा, मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतराला दाब पास्कलच्या हजाराव्या भागाच्या आसपास, १० नॅनोमीटरला जवळपास एक वातावरण. १९९७ मध्ये हे बळ काही टक्क्यांच्या अचूकतेने मोजलं गेलं. बाहेरून हवा ढकलत नाही. विद्युतचुंबकीय क्षेत्रांची धडपड निर्वातातही पूर्ण थांबत नाही, ती पाट्यांच्या आत आणि बाहेर वेगवेगळी असते.

३३केव्ही
इथे जपून. तेच बळ पाट्यांमधल्या प्रभारांच्या परस्पर ओढीतून, व्हॅन डर वाल्स बळाच्या हिशेबानेही काढता येतं. म्हणजे पाट्या नसत्या तर बळही नसतं. 'निर्वाताने ओढलं' हा एकमेव अर्थ नाही.

तरंगलांबी
बरोबर, दोन्ही हिशेब एकाच उत्तराला येतात आणि वाद मिटलेला नाही. पण परमिटिव्हिटीचा आकडा तरी राहतोच. तो कुठल्या पाट्यांचा म्हणाल?

आणि पूर्ण निर्वात कुणी पाहिलेला नाही हेही सांगून ठेवतो. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा ठरली आहे. अशा वेधशाळेचा एकेक हात ४ किलोमीटरचा, नळी सव्वा मीटरच्या आसपास रुंद. आतला दाब हवेच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाच्या पातळीचा. तरी दर घन सेंटीमीटरात तीन कोटींवर रेणू उरतात. साध्या हवेत २५ वर अठरा शून्यं इतके असतात.

तर्ककर्कश
वैशेषिक, म्हणजे न्यायाच्या जोडीचं दर्शन मानणारे, इथे खूश होतील. त्यांच्या मते हवा काढली तरी आकाश उरतं, आणि आकाश हे द्रव्य आहे. फक्त त्यांनी आकाशाचा गुण 'शब्द' सांगितला. बॉइलने १६६० च्या सुमारास काचेच्या भांड्यात आवाज करणारी वस्तू ठेवून हवा काढली, आवाज बुडाला. शब्द हवेबरोबर गेला, प्रकाश मात्र राहिला.

लॅटरल१६
नैयायिक अभावाचे चार प्रकार सांगतात ना, मग एसीतला व्हॅक्यूम त्यांपैकी कुठला? हवा काढून टाकली म्हणजे प्रध्वंसाभाव?

तर्ककर्कश
नाही. प्रध्वंस म्हणजे नाश, घडा फुटल्यावरचा. पंपाने हवा नष्ट केली नाही, बाहेर नेली. घडा उचलून दुसऱ्या खोलीत ठेवल्यासारखं. त्यावर नैयायिकांतही एकमत नाही. बहुतेक तो अत्यंताभावात (जिथे ती वस्तू नाहीच अशा अभावात) बसवतात, काहींनी त्यासाठी 'सामयिकाभाव' असा वेगळा कप्पा काढला. सामयिक म्हणजे तेवढ्या वेळेपुरता. एसीला तोच लागू.

मायक्रॉन५००
प्रतियोगीचा मुद्दा आमच्या धंद्यात शब्दशः चालतो. लाईन फार ओलसर असेल तर तीनदा व्हॅक्यूम करतात. आधी ओढायचं, मग मुद्दाम कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडायचा, पुन्हा ओढायचं, पुन्हा तोडायचं, शेवटी ५०० च्या खाली. हवाच काढायची असती तर पुन्हा वायू भरायचा कशाला? खरा शत्रू पाणी आहे, कोरडा नायट्रोजन त्याला धरून बाहेर नेतो. बिलावर 'पाणी व हवेचा अभाव केला' असं लिहायला हवं.

भुसावळ डाऊन
तसं पाहिलं तर दीपनगरच्या वीज केंद्रातल्या कंडेन्सरमध्ये व्हॅक्यूम 'काढून' तयार होतच नाही. टर्बाइनमधून आलेली वाफ थंड होऊन पाणी झाली की हजारो पटींनी आकसते, जागा रिकामी होते. ०.१ बारला वाफ ४६ अंशाला पाणी होते. उन्हाळ्यात थंड करणारं पाणीच गरम आलं की हा दाब वर जातो आणि तेवढ्याच वाफेत वीज कमी निघते. इजेक्टरचं काम फक्त गळतीने आत आलेली हवा काढायची. तिथे प्रतियोगी वाफ.

फुटवाल
साखर कारखान्यात दोन्ही एकत्र दिसतं. पॅनमध्ये रस ६५ अंशाच्या आसपास उकळवायचा, नाहीतर साखर करपून रंग धरते. पॅनची वाफ वर बॅरोमेट्रिक कंडेन्सरमध्ये पाण्याच्या फवाऱ्याने विझते. कंडेन्सर इतका उंच का? खालची टेल पाईप १०.३ मीटरपेक्षा लांब हवी, नाहीतर हौदातलं पाणी थेट व्हॅक्यूममध्ये चढेल. पुन्हा तोच आकडा.

आणि गरम पाण्याने धुतलेल्या दुधाच्या टँकरचं झाकण लगेच लावू नका. आतली वाफ विझली की चौरस फुटाला नऊशे किलोच्या वर भार येतो, टँकर डब्यासारखा चेपतो. व्हेंट उघडा ठेवायचा.

खापरावरचे मांडे
आते समजनं. वांगं भाजाना आगोदर टोचा मारतंस, तसं टँकरलेबी.

फुटवाल
उलटं आहे मांडे, वांगं आतून फुटतं, टँकर बाहेरून चेपतो. पण टोचा दोघांनाही लागतो.

गिरणाकाठ
माझं मत दुरुस्त करतो. द्रव्य नाही, यावर अजून ठाम. पण 'काहीच नाही' असंही म्हणवत नाही. कशाचा अभाव, कुठे आणि किती, हे तिन्ही सांगितलं की त्याला मोजता येतं, तपासता येतं, बिघडल्याचं ओळखता येतं. तरंगलांबींच्या त्या परमिटिव्हिटीपाशी मात्र अडलो. तिला प्रतियोगी सापडत नाही.

शेवभाजी
जीएसटीवाल्यांनी हे केव्हाच सोडवलंय. व्हॅक्यूम पंप हा माल, एचएसएन ८४१४. व्हॅक्यूम 'करणे' ही सेवा, दुरुस्ती-देखभाल, ९९८७. खुद्द व्हॅक्यूमला कोडच नाही. जे कोडात नाही ते जगात नाही.

गिरणाकाठ
म्हणजे बिल बरोबर होतं. आता लॅटरल भाऊंना जाता जाता: दोन्हीकडे उतार आणि मधे उंचवटा असेल, तर एअर व्हॉल्व्ह उंचवट्यावर एकच पुरेल का?

लॅटरल१६
उंचवट्यावर एक लागेलच. शिवाय कंट्रोल व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, सबमेनच्या बाजूला, दुसरा. कारण तो व्हॉल्व्ह बंद केला की त्याच्या पुढचा भाग वेगळा पडतो आणि उंचवट्यावरच्याची हवा तिथपर्यंत वेळेत पोचत नाही. दोन्ही सरळ उभे लावा, आडवे लावले तर आतला गोळा बसत नाही. आणि वर टोपी घाला, नाहीतर गांधीलमाशी घर करते.